कविता सापडली, कवी कसा शोधावा?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात कवितासंग्रह मोजकेच असल्यामुळे मी कविता बहुतेक मोबाईलवरच वाचते. तेथे कवितेखाली कवीचे नाव नसते, किंवा एकाच कवितेखाली निरनिराळी नावे असतात. वडील ‘रानारानात गेली बाई शीळ’ गुणगुणतात, पण ते कोणी लिहिले हे घरात कोणालाच ठाऊक नाही. कवींपर्यंत, विशेषतः विदर्भातील कवींपर्यंत, खात्रीने कसे पोहोचावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : वडिलांच्या गाण्याचा कवी विदर्भातलाच आहे. ही कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची, जी. एन. जोशी यांच्या आवाजात ती घरोघरी गेली आणि कवीचे नाव मागे राहिले. गाणे झालेल्या कवितांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ पाहावे; तेथे गायकाबरोबर गीतकाराचीही नोंद असते.

फॉरवर्ड होऊन आलेल्या कवितेची एखादी मधली ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधावी. कविता जुनी वाटत असेल, तर ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार देऊनही पाहावे, कारण १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची छपाई तशी आहे. दहा ठिकाणी एकच नाव दिसले म्हणून ते खरे मानू नये. दहाही जणांनी एकमेकांचेच उतरवून घेतलेले असू शकते. कविता कोणत्या संग्रहात आहे हे जेथे सांगितलेले असेल, तीच नोंद आम्ही विश्वासार्ह समजतो.

केशवसुत आणि बालकवी नेटवर मुबलक सापडतात, पण आपल्या जिल्ह्यांतले कवी तुकड्यातुकड्यांनीच भेटतात, याचे एक कारण कायद्यात आहे. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. केशवसुत १९०५ मध्ये आणि बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कविता विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात ठेवता येतात. अमरावतीचे सुरेश भट २००३ मध्ये आणि नागपूरचे ग्रेस २०१२ मध्ये गेले; त्यांचे संपूर्ण संग्रह फुकट देणारी पीडीएफ बहुधा परवानगीवाचून चढवलेली असते आणि तिच्यात ओळी गळालेल्याही असू शकतात. अशा कवींची ओळख नेटवर करून घ्यावी आणि ‘रंग माझा वेगळा’ किंवा ‘संध्याकाळच्या कविता’ ही पुस्तके मात्र विकत घ्यावीत, नाहीतर वाचनालयाच्या पुढच्या खरेदीच्या यादीत घालण्याचा आग्रह धरावा.

वऱ्हाडी कवितेची वाट निराळी आहे. ही कविता मुळात मंचावर म्हणण्याची असल्याने ती लेखी मजकुरापेक्षा यूट्यूबवरच्या कविसंमेलनांच्या चित्रफितींत अधिक भेटते. विठ्ठल वाघ यांच्या ‘काळ्या मातीत मातीत’पासून सुरुवात करावी. शोधताना प्रमाण मराठीत न लिहिता ‘मायं’, ‘रायते’ असे बोलीतलेच शब्द घालावेत, आणि एकाच शब्दाची दोन-तीन रूपे करून पाहावीत, कारण वऱ्हाडी लिहिण्याची एक ठरलेली रीत नाही. चित्रफितीखाली कवीचे नाव नसेल, तर सुरुवातीचे सूत्रसंचालन वगळू नये. निवेदक कवीची ओळख, गाव आणि बहुतेक वेळा संग्रहाचे नावही तेथेच सांगून टाकतो.