कझाकस्तानातलं अक्ताऊ शहर कसं वसलं? तिथे पाहण्यासारखं काय आहे?

थोडक्यात सांगायचं तर युरेनियमसाठी. कॅस्पियन समुद्राकाठच्या मंगिस्ताऊच्या ओसाड वाळवंटात युरेनियम सापडलं आणि सोव्हिएत सरकारने १९६० च्या दशकात तिथे आखीव शहर उभारलं. पुढे तेलामुळे बंदरही वाढलं. १९६४ ते १९९१ शहराचं नाव शेवचेन्को होतं. युक्रेनी कवी तारास शेवचेन्को या भागात हद्दपारीत होता, म्हणून.

खरी गंमत पाण्याची. गोडं पाणी जवळजवळ नाहीच, म्हणून बीएन-३५० या अणुभट्टीच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करायचे! १९९९ मध्ये ती बंद झाली, खारं पाणी गोडं करणं मात्र चालूच आहे.

पत्ते आणखी गमतीदार: रस्त्यांना नावं नव्हती, त्यामुळे पत्ता म्हणजे तीन आकडे. वस्ती, इमारत, फ्लॅट. पोस्टमनची चैनच!

शहरात समुद्रकाठी फिरा आणि दीपगृह चुकवू नका; ते चक्क एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर आहे, खाली दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. पण माझं मत विचाराल तर शहराला एक दिवस पुरे. उरलेला वेळ बोझझिराच्या पांढऱ्या सुळक्यांना आणि शकपाक-अता या खडकात कोरलेल्या मशिदीला द्या. जीप आणि भरपूर पाणी मात्र हवंच.