कोरल मिटलंय, कोणतं औषध टाकू?

प्रश्न : भाऊ, माझ्याकडं १०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक हाय, त्यात एक लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ प्रवाळ) अन् थोडे झोआ (दगडावर बटणाएवढ्या फुलांसारखे दिसणारे जीव). एप्रिल सरला तसं लेदर मिटूनच बसलं, रंग पिवळट पडला, एका कडेला तपकिरी डाग दिसते. पाणी रोज आटते म्हणून मीठ कालवलेलं पाणी टाकत राहतो. दुकानदार म्हणे मासोळीचं निळं औषध टाका. टाकू का? लय जीव लावला हो त्याले.
— एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : नका टाकू. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणाऱ्या कितीतरी औषधांत तांबं असतं अन् तांबं म्हणजे कोरलला, झिंग्याला, शिंपल्याला सरळ विष, शिवाय ते टँकमधल्या दगडात मुरतं अन् नंतर हळूहळू सुटत राहतं. तुम्ही वरुडकडचे, म्हणून मुद्दाम विचारतो, मीठ कालवायची बादली कधी संत्र्याच्या बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यासाठी, वापरली होती का? मोरचूद म्हणजे तांबंच. तशी असेल तर आजच नवी आणा.

पण तुमचं पत्र वाचताना मी अडकलो ते 'मीठ कालवलेलं पाणी टाकत राहतो' इथं. दुखणं बहुतेक तिथंच आहे. आटतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं टँकमध्येच राहतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. तुमच्या टँकमधलं १० लिटर आटलं अन् तुम्ही १० लिटर खारं पाणी ओतलं, की पातळी बरोबर दिसते पण ३५० ग्रॅम मीठ जास्तीचं झालं. असं दोनदा झालं की ३५ चे ४२, अन् आपल्याकडच्या मे महिन्यात १० लिटर आटायला आठवडा पुरतो. आटलेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं गोडं पाणी टाकायचं, गावातला कॅन घेत असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवून पाहा, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा, काट्यावाल्या प्लास्टिकच्या मीटरवर बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो. जास्त निघाला तर एका दिवसात उतरवू नका, रोज दोन-अडीच लिटर टँकचं पाणी काढून तेवढंच आरओचं टाका, म्हणजे दिवसाला एखादा ग्रॅम उतरेल.

दुसरं, ऊन. कोरलच्या मांसात बारीक शेवाळ राहतं, झूझँथेली म्हणतात त्याला, ते उजेडावर अन्न बनवतं अन् कोरलला पोसतं. पाणी तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि रंग उडतो. लक्षद्वीपला १९९८, २०१० अन् २०१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा हेच झालं होतं. रंग उडाला म्हणजे मेलं असं नाही, ते उपाशी आहे, म्हणून लाईट थोडे दिवस कमी ठेवा अन् पाणी २५-२६ अंशावर आणा. आपली हवा कोरडी, ही मुंबईवाल्यांना नसलेली सोय आहे, पाण्यावर छोटा पंखा तिरपा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. मात्र त्याच खोलीत कूलर असेल तर हवा ओली होते अन् पंख्याचा गुण जातो, खिडकी उघडी ठेवा. मागं एका मे महिन्यात दुपारी चार तास लाईन गेली, मी घाबरून बर्फ सरळ टँकमध्येच टाकला, संध्याकाळी झोआ मिटले ते पुन्हा उघडलेच नाही, अजून वाईट वाटतं. बर्फ बंद बाटलीत करायचा अन् एका वेळी एकच बाटली तरंगवायची.

आता तो डाग. लेदर कोरल मधून मधून कात टाकतं, मिटतं, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, कांद्याच्या सालीसारखा सुटतो अन् आठ-पंधरा दिवसांत परत फुलतं. तसं असेल तर हात लावू नका, फक्त पाण्याचा झोत थोडा वाढवा. पण डाग मऊ असेल, बोट लावल्यावर दुधाच्या सायीसारखा हलत असेल, सडका वास येत असेल, तर ते सडतंय. हातमोजे घाला, नव्या ब्लेडनं डागाच्या पलीकडं एखादा सेंटीमीटर चांगल्या मांसातून कापा. वाटीत टँकचंच पाणी घेऊन फिकट चहाचा रंग येईल एवढं आयोडीन टाका, दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळा अन् जुन्याच जागी ठेवा. वाटीतलं पाणी फेकून द्यायचं.

अन् कोणी 'दगडी कोरल आणून देतो' म्हणाला तर घेऊ नका. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जिथं वाघ आहे तिथंच.

प्रश्न : आमचं दर्यापूरकडचं पाणी खारपाणपट्ट्यातलं, खारंच हाय. टँकला चालते का?

उत्तर : नाही हो. समुद्राएवढं खारं ते कुठंच नसतं, अन् समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम ठरलेल्या मापात असतं, कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर अन् मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा खारेपणा मुख्य करून सोडियमचा. आरओ करूनच घ्या अन् त्यात रीफचं, म्हणजे कोरलच्या टँकसाठी मिळणारं, मीठ कालवा.

प्रश्न : दगडावरचे झोआ मेले, दगड उकळून साफ करू का?

उत्तर : अजिबात उकळू नका, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं, उकळल्यावर वाफेतून ते छातीत जातं अन् अशानं घरची माणसं दवाखान्यात गेली आहेत. गरम पाणी ओतून ब्रशनं घासूही नका. हातमोजे अन् चष्मा घाला, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या, दगड खाऱ्या पाण्याच्या बादलीतच ठेवून बादली पोरांपासून लांब, अंगणात नेऊन ठेवा.