नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या डेटा सेंटरात ४० नेटवर्क स्विच आहेत. प्रत्येकावर लॉगिन करून कॉन्फिग (सेटिंग) टाकायचं की दुसरा मार्ग आहे?

पहिल्यांदा मॅनेजमेंट आयपी (स्विच दुरून चालवण्यासाठीचा पत्ता) देण्यापुरती कन्सोल केबल लावा, त्यानंतर सगळे स्विच अ‍ॅन्सिबलनेच चालवा; हे एकाच ठिकाणाहून अनेक उपकरणांवर कॉन्फिग टाकणारं सॉफ्टवेअर आहे. मीही नागपुरात हेच काम करतो. हाताने टाकत गेलं की सदतिसाव्या स्विचवर व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) १२० चं १०२ होतं आणि ते सापडतं रात्री दोन वाजता. अ‍ॅन्सिबलसाठी स्विचवर वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, एसएसएचवरून (सुरक्षित रिमोट लॉगिन) काम भागतं. शिवाय कॉन्फिगच्या फाइली गिटमध्ये ठेवल्या की कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं.

बाकीचं थोडक्यात:
- नेटकॉन्फ (पोर्ट ८३०): कॉन्फिग टाकायची प्रमाणित पद्धत; स्विच नवे असतील तर जरूर वापरा.
- एसएनएमपी (उपकरणांची स्थिती विचारायची पद्धत): फक्त देखरेखीला. मे महिन्यात एसी दमला की स्विचचं वाढलेलं तापमान यातच दिसतं.
- टेलनेट (जुनी रिमोट लॉगिन पद्धत): बंदच करा, पासवर्ड उघडा जातो.

एक मात्र आहे, अ‍ॅन्सिबलमधली चूकही एका झटक्यात चाळीस ठिकाणी पोचते. म्हणून आधी एकाच स्विचवर चालवून बघा. ज्युनिपर असेल तर ‘कमिट कन्फर्म्ड’ द्या. १० मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही तर जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. सिस्को आयओएसवर बदलाआधी ‘रीलोड इन १०’ लावतात, म्हणजे १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुनं कॉन्फिग परत येतं, पण बदललेलं कॉन्फिग सेव्ह केलेलं नसेल तरच त्याचा उपयोग. आणि सगळं नीट झालं की ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नका, नाहीतर चालता स्विच रीस्टार्ट होईल.