इंजिनियरनं राजकारणात पडावं का?

प्रश्न : मी करवीर तालुक्यातला, एका साखर कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर आहे. वडील ऊस उत्पादक, ऊसदराच्या आंदोलनात दरवर्षी असतात. मी तिथं दिसलो की साहेब म्हणतात, "तू मिल बघ, राजकारण आमच्यावर सोड." व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञानं कारभार इंजिनियरांच्या हाती द्या असं सांगितलं होतं, हे खरं का? मी काय करावं?

उत्तर : बरंचसं खरं आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. माल तयार करणं वेगळं आणि त्यातून पैसा काढणं वेगळं, हा त्याच्या विचाराचा गाभा. भाव टिकावा म्हणून मालक उत्पादन मुद्दाम रोखून धरतात, हे त्यानं उघडपणे मांडलं. 1921 च्या पुस्तकात त्यानं तंत्रज्ञांच्या सोव्हिएतची, म्हणजे कारभार चालवणाऱ्या तंत्रज्ञांच्या मंडळाची, कल्पना लिहिली. ती लगेच येईल असं त्यालाही वाटत नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकन इंजिनियरांच्या महासंघानं उद्योगांतल्या नासाडीवर अहवाल काढला. निम्म्याहून जास्त दोष व्यवस्थापनाचा आणि पाव हिश्श्याहून कमी कामगारांचा, असा त्याचा निष्कर्ष. तरी सूत्रं मालकांकडेच राहिली. इंजिनियरांचा पगार त्यांच्याकडून येत होता आणि कामगारांशी इंजिनियरांचं नातं जुळलेलं नव्हतं.

इंजिनियरांचं राज्य मला नको आहे. 1902 साली शाहू महाराजांनी नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या त्या कोल्हापुरात, शिकलेल्या मूठभरांनी सगळं ठरवावं हे पटणारच नाही.

पण तुमच्या गप्प बसण्याचा फायदाही कुणाला तरी होतोच. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्यावर ठरते; उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. 2022-23 पासून 10.25 टक्के उतारा हा पाया आहे आणि त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला दर वाढतो. बी-हेवी मळीतून, म्हणजे जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते अशा मळीतून, इथेनॉलकडे गेलेली साखर त्या उताऱ्यात धरली का? वजनकाट्याची पडताळणी कधी झाली? वडील हेच रस्त्यावर विचारतात, आणि हा हिशेब तुम्हाला समजतो.

कारखान्याचे कागद एकट्यानं बाहेर नेऊ नका, नोकरी जाईल. जलसंपदा खात्याचे तेव्हाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी 2012 मध्ये सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांबद्दल थेट राज्यपालांना पत्र लिहिलं. ते धाडस मला फार मोठं वाटतं, पण ते प्रत्येकाकडून मागता येणार नाही. तुम्ही आधी कारखान्यातले केमिस्ट आणि कामगार संघटना यांच्याशी बोला. मग गाळप सुरू व्हायच्या आत गावच्या सेवा सोसायटीत बसून शेतकऱ्यांना उतारा कसा काढतात ते फळ्यावर मांडून दाखवा, आणि वैधमापन विभागाकडे काटा तपासणीचा अर्ज कसा करायचा तेही शिकवा. वडिलांना पहिल्या रांगेत बसवा, सगळ्यात अवघड प्रश्न तेच विचारतील.