रिले बंद कर, मगच सर्व्हर बाहेर उघड

भावा, शिरोलीतल्या फाउंड्रीचा मेल सर्व्हर तू स्वतः उभा करतोयस, बेस्टच. पण परक्याचा मेल परक्याकडे पोचवून देणं म्हणजे रिले, आणि ते कुणालाही करता आलं तर स्पॅमवाले तुझाच सर्व्हर वापरतात. म्हणून पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) 'मायनेटवर्क्स', म्हणजे पासवर्डशिवाय रिले करू द्यायच्या पत्त्यांची यादी, आधी नीट बघ. त्यात फक्त लोकलहोस्ट, म्हणजे सर्व्हर स्वतः, ठेव. ऑफिसच्या आयपी पत्त्यांची अख्खी रेंज टाकू नकोस, कारण खरी गोम राउटरमध्ये असते. काही राउटर पोर्ट फॉरवर्ड करताना (बाहेरचं कनेक्शन आत सर्व्हरकडे वळवताना) बाहेरून आलेल्या प्रत्येक कनेक्शनला स्वतःचाच आतला पत्ता लावतात. मग स्पॅमवालाही सर्व्हरला घरचाच माणूस वाटतो! लॉगमध्ये सगळे क्लायंट 192.168.1.1 असे, म्हणजे राउटरच्याच आतल्या पत्त्याने दिसले, की समजून जा.

ऑफिसातल्यांनी 587 पोर्टवरून, टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि पासवर्डनेच मेल पाठवायचा. रिलेच्या नियमांत शेवटी 'रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन' (परक्या पत्त्यावरचा मेल नाकारणारा नियम) हवंच.

मग बाहेरच्या मशीनवरून 25 पोर्टला (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) टेलनेट कर, म्हणजे हाताने जोडून बघ, पाठवणारा आणि घेणारा दोन्ही पत्ते परके दे. '554 5.7.1 रिले ॲक्सेस डिनाइड' आलं तर ठीक. घेणाऱ्याच्या पत्त्याला 250 (म्हणजे 'मान्य') आलं तर आधी केबल काढ. आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेला की गिऱ्हाइकांना धाडलेली कोटेशनं अडकतात, आणि ते निस्तरताना जीव जातो.

'इन्फो' खात्याचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे 123 असा असेल तर आजच बदल. लॉगिन करून आत आलेल्याला यातला एकही नियम अडवत नाही.