कारखान्यातील बैठकांचे ध्वनिमुद्रण लिहून काढताना किती खुणा वापराव्यात?

किती खुणा, हे नंतर ठरवता येईल. कोणती खूण वगळायची नाही हे आधी ठरवावे, आणि माझ्या मते ती खूण म्हणजे ओव्हरलॅप, दोघे एकाच वेळी बोलले तो भाग दाखवणारी.

पुण्याजवळच्या एका कारखान्यातील पाळीबदलाच्या बैठका लिहून काढण्याचे काम आमच्याकडे होते आणि आमच्या प्रकल्पप्रमुखांनी ओव्हरलॅपच्या खुणा ‘वाचताना अडथळा होतो’ म्हणून काढून टाकल्या होत्या. एका बैठकीत सुपरवायझरने ‘तेल बघितलं का?’ असे विचारून लगेच ‘आणि गार्ड बसवला का?’ असे जोडले. ऑपरेटरचे ‘हो, मघाशीच’ हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या पहिल्याच शब्दावर आले होते, म्हणजे ते तेलाबद्दल होते. परंतु ओळीखाली ओळ लिहिलेल्या मजकुरात ते दुसऱ्या प्रश्नाखाली गेले आणि यंत्रावर नसलेला गार्ड कागदावर बसला. याच प्रमुखांना ‘राग’, ‘उपरोध’, ‘नाराजी’ या खुणा मात्र हव्या होत्या. हे ऐकणाऱ्याचे निष्कर्ष आहेत. आवाज चढला, वेग वाढला, दोन सेकंद कोणी बोलले नाही, एवढेच लिहावे.

दोघेच बोलत असतील तर संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांच्या पद्धतीतील चौकटी कंस पुरतात. चारपाच जण असतील तर व्हिएन्नाच्या ‘व्हॉइस’ या बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या संग्रहाप्रमाणे प्रत्येक ओव्हरलॅपला क्रमांक द्यावा. एक्सएमएल (मजकुराच्या भागांना टॅग, म्हणजे सुरुवात-शेवटाच्या खुणा, लावून तो साठवण्याची पद्धत) वापरणार असाल तर टॅग एकमेकांना छेदू शकत नाहीत, म्हणून टीईआय या मजकूर-टॅगांच्या नियमावलीवर आधारलेल्या आयएसओ २४६२४ (२०१६) या मानकाप्रमाणे सामायिक कालरेषा ठेवून प्रत्येकाचे बोलणे तिच्यावरील बिंदूंना जोडावे. ‘ईलान’ या ध्वनिमुद्रणावर नोंदी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम सोपे जाते. मराठीत मिसळलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला भाषेचा टॅग लावत बसू नये, सबंध वाक्य हिंदीत किंवा इंग्रजीत गेले तरच लावावा.

अर्थात, केवळ निर्णयांची नोंद हवी असेल तर यातले काहीच नको, साधे इतिवृत्त पुरे. कामगारांची नावे मात्र मजकूर इतरांकडे जाण्यापूर्वी संकेतांनी बदलावीत.

खुणा ठरल्यावर एकच तुकडा दोघांना स्वतंत्रपणे लिहायला द्यावा. ओव्हरलॅप बहुतेक जुळतील, ‘उपरोध’ कोठे आहे यावर मात्र दोघे भांडतील, आणि ती खूण यादीतून काढायला मग कोणत्याही प्रकल्पप्रमुखाची संमती लागू नये.