आठ चाकी आर्गोवर ट्रॅक चढवल्यास चेन आणि गिअरबॉक्स खराब होतात का?

आपली आर्गो (जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी गाडी) आठ चाकी असून एका बाजूचा ब्रेक ओढून वळवण्याच्या जुन्या पद्धतीची आहे, ती कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागातल्या दलदलीत आणि हिवाळ्यात बर्फावर न्यायची आहे, पण ट्रॅकमुळे, म्हणजे टायरांवरून चढवायच्या अखंड पट्ट्यामुळे, चेन आणि गिअरबॉक्स लवकर जातात असे आपल्या ऐकण्यात आले आहे, असे आपण विचारले आहे. मी याच प्रांतात अशी गाडी चालवतो आणि तिची देखभालही स्वतःच करतो. माझ्या मते नुकसान होते ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे: एकाच बाजूच्या चाकांचा घेर कमीजास्त असणे आणि कठीण जमिनीवर गाडी जागच्या जागी वळवणे.

पहिली गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ती सविस्तर लिहितो. या गाडीत एका बाजूची चारही चाके चेनने जोडलेली असल्यामुळे ती कायम सारख्याच फेऱ्या घेतात. नुसत्या टायरवर चालताना एखादा टायर थोडा लहान असला, तरी तो मातीवर किंचित घसरतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. ट्रॅक चढवला की चारही टायर एकाच पट्ट्याला धरून असतात. २५ इंची टायरचा घेर साधारण २ मीटर असतो. त्यात फक्त १ सेंटीमीटरचा फरक असला, तरी एका किलोमीटरमागे ५ मीटरची तफावत साठते. टायर ट्रॅकच्या आत घसरला तर ती निघून जाते, आणि त्याच्या खाचा ट्रॅकच्या पट्ट्यांत घट्ट बसल्या असतील तर तिचा ताण चेन, स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) आणि बेअरिंगवर येतो. म्हणून ट्रॅक चढवण्यापूर्वी प्रत्येक टायरचा घेर फीत लावून मोजावा आणि झिजलेल्या टायरांमध्ये नवा टायर मिसळू नये. डाव्या आणि उजव्या बाजूंत थोडा फरक राहिला तर गाडी एकीकडे ओढेल एवढेच, कारण तो फरक डिफरेन्शिअल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग) सांभाळून घेतो.

हवा भरताना थंडीचा विचार हवाच. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३ पीएसआय हवा भरून गाडी उणे २० अंशांत बाहेर काढली, तर हिशेबाने २ पीएसआयहून अधिक दाब उतरू शकतो, म्हणजे टायर जवळजवळ रिकामा होतो आणि ढिला पडलेला ट्रॅक पहिल्याच वळणाला निसटतो. हवा बाहेरच्या तापमानातच, कमी दाब मोजणाऱ्या गेजने भरावी. मोटारीच्या गेजचा इथे काही उपयोग नाही. उलट ट्रॅक फाजील ताणला तर पुढचा आणि मागचा ॲक्सल आतल्या बाजूला खेचला जातो. रुंद ट्रॅकसाठी ॲक्सल एक्स्टेन्शन (ॲक्सलची लांबी वाढवणारा जोड) लावावे लागत असेल तर बाहेरच्या बेअरिंगवरचा भार आणखी वाढतो. तिथे पाण्यातून आल्यावर ग्रीस भरणे टाळू नये.

आता वळण्याविषयी. दलदलीत किंवा भुसभुशीत बर्फात ट्रॅक बाजूला सहज सरकतो, पण खडीच्या रस्त्यावर त्याची संपूर्ण लांबी आडवी फरफटते. अशा ठिकाणी लो गिअरमध्ये राहावे, ब्रेक सतत दाबून न धरता थोडा थोडा ओढत मोठे वळण घ्यावे आणि शक्य तिथे पुढे-मागे करून दिशा बदलावी. हाय गिअरमध्ये जोर लावला तर इंजिनची शक्ती गिअरबॉक्सकडे नेणारा बेल्ट घसरून तापतो. रबर जळल्याचा वास आला की थांबलेलेच बरे. आर्गोच्या नव्या ॲडमिरल स्टीअरिंग यंत्रणेत वळतानाही दोन्ही बाजूंना शक्ती मिळते, त्यामुळे वळणे सोपे होते. मात्र चेनवरचा भार तिथेही चुकत नाही. पाण्यातून काठावर चढताना गाडी सरळच ठेवावी, कारण अर्धी गाडी पाण्यात असताना वळवले तर सगळे वजन आणि ओढ मोजक्याच चाकांवर येते.

रात्रभर उभी राहिल्यास ट्रॅक जमिनीला गोठतो, तेव्हा थ्रॉटल देऊन तो उपटण्यापेक्षा आधी बर्फ फोडावा. मी तर गाडी फळ्यांवरच उभी करतो. वळताना फ्लोअरखालून खट्ट असा आवाज आला, तर ढिली चेन स्प्रॉकेटचा दात ओलांडत असल्याची शक्यता मोठी. तिथेच जोर लावणे थांबवून टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) तपासावा. ट्रॅक नवे असतील तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर चेनचा ढिलेपणा आणि तेल आवर्जून पाहावे. आणि आपला बहुतेक प्रवास खडीच्या रस्त्यावरचाच असेल, तर दलदल येईपर्यंत ट्रॅक ट्रेलरवरच राहू द्यावेत.